घरातली तलवार

तलवार आजेसासऱ्यांची, मान सासूचा, आणि चहा मात्र माझ्याकडं. पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. गावात कुणाचंही लग्न निघालं की हळदीच्या दिवशी सकाळी नवरदेव आमच्या दारात हजर. अंगाला हळद, सोबत एखादा मित्र, आणि चेहरा तोंडी परीक्षेला आल्यासारखा. चप्पल बाहेर काढायची, आत येऊन सतरंजीवर बसायचं, सासूबाईंच्या हातचं पाणी प्यायचं, माझ्या हातचा चहा घ्यायचा, मग तलवार मिळायची. तिच्या टोकाला लिंबू खोचून तो लग्न लागेपर्यंत मिरवणार आणि पाच दिवसांच्या आत स्वतः आणून देणार. एका तिथीला दोन लग्नं आली तर आमच्याच सतरंजीवर भांडण जुंपायचं, आणि ते मिटवायलाही पुन्हा चहाच लागायचा.

मी सपना. अंगणवाडीत सेविका आहे. डोंगरकडा गावाहून आत वळलं आणि केळीचे मळे मागं पडले की आमचं गाव लागतं. गावाच्या कडेला बुद्धविहार आणि विहाराला लागून आमचं घर. सासूबाईंचं नाव पद्माबाई, मी त्यांना आत्या म्हणते. वय पंचाहत्तरच्या आसपास, कंबर ताठ, आणि जीभ कंबरेपेक्षा ताठ.

तलवार म्हणजे तुम्हाला वाटते तसली लांबलचक नाही. कट्यारीपेक्षा मोठी, तलवारीपेक्षा आखूड. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढं पातं, जरासं वाकलेलं. म्यान काळं, टवके उडालेलं. मुठीवरचा दोरा कधीच झिजून गेला होता, त्यावर माझ्या नवऱ्यानं, रविंद्रनं, वायरमनची काळी टेप गुंडाळलेली. पातं मात्र असं की त्यात बघून कुंकू लावावं.

ती आणली आजेसासऱ्यांनी, मुंजाजींनी. ते इंग्रजांच्या फौजेत होते, ब्रह्मदेशात लढले. लढाई संपली तेव्हा जपानी शिपाई रांगेत येऊन हत्यारं खाली ठेवत होते. लांब तलवारींवर गोऱ्या साहेबांचा डोळा. रांगेत एक जपानी तापानं फणफणलेला होता. त्यानं खुणेनं पाणी मागितलं. मुंजाजींनी आपली बाटली पुढं केली आणि तो घटाघटा प्याला. मग कमरेची ही आखूड तलवार ढिगावर न टाकता त्यानं यांच्या हातात दिली. आजेसासरे ही गोष्ट सांगायचे तेव्हा तलवारीवर फार बोलायचेच नाहीत म्हणे. आत्यांना त्यांचं एकच वाक्य पाठ आहे. "पद्मा, त्यानं मला जात विचारली न्हाई."

गावात परत आले तर गाव होतं तिथंच होतं. विहीर वेगळी, पाणवठा वेगळा.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि गावातली सगळी हत्यारं सरकारनं जमा करून नेली. मोठ्या वाड्यातल्या तलवारी आणि लग्नाची चांदीच्या मुठीची कट्यारसुद्धा गेली. मुंजाजींनी फौजेचा कागद दाखवून आपली आखूड तलवार वाचवली. पुढच्याच उन्हाळ्यात वाड्यातल्या किशनरावांचं लग्न ठरलं. तसं विळ्यानंही भागलं असतं. पण नवरीकडची मंडळी तालेवार; नवरदेव कांदे चिरायची सुरी धरून बसला, असं तिकडं जाऊन सांगतील ही धास्ती. वाड्यातून गडी आला, "तलवार मागितली." मुंजाजी म्हणाले, "देतो की. पण नवरदेवानं सोता यायचं. घरात बसायचं. पाणी प्यायचं."

तीन दिवस वाड्यात काय गोंधळ झाला असेल ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी किशनराव आले, बसले आणि प्याले.

एकदा वाडा आला म्हटल्यावर बाकीच्यांना कसली लाज! सगळ्या जातींचे नवरदेव येऊ लागले. काही जण पाणी तोंडात घ्यायचे आणि बाहेर जाऊन चूळ टाकायचे. मुंजाजी दारातच उभे. ते पुन्हा तांब्या पुढं करायचे, "पी बाबा, ऊन लई हाय." किशनरावांचे चिरंजीव व्यंकटराव, आता काठी टेकत चालतात, त्यांना आपल्या लग्नात दोनदा प्यावं लागलं होतं. हे त्यांनीच आत्यांना हसत सांगितलं, चाळीस वर्षांनी.

गंमत म्हणजे आम्ही स्वतः ती तलवार लग्नात कधी धरली नाही. धम्म घेतला तेव्हा लिंबू-कट्यार, बाशिंग सगळं सुटलं. माझ्या लग्नात तलवार ट्रंकेतच होती. दुसऱ्यांच्या लिंबासाठी आम्ही तिला करडीचं तेल पाजत बसायचो. मी एकदा चिडून म्हणालेही, "आत्या, इकून टाका ती. माझी कंबर मोडली चहा करून करून." त्या म्हणाल्या, "तुझी कंबर मोडली तर मलम हाय. ह्या घरात गावाचं येणं मोडलं तर त्याला काय लावशील?" मी पुन्हा आधण ठेवलं. पटलं म्हणून नव्हे, दारात नवरदेव येऊन उभा होता म्हणून.

माझा मुलगा बुद्धभूषण पुण्याला नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत आला तो मोबाइलवर काय काय वाचून. तलवार मांडीवर घेऊन बसला आणि मुठीतली बांबूची खुंटी हळूच ठोकून काढली. मूठ निघाली, आतला लोखंडी भाग दिसला, गंजून काळा झालेला. मी लगेच चिंच आणायला उठले. तो ओरडला, "आई, हात लावू नको! त्या गंजावरून वय कळतं. तो घासायचा नसतो."

"आइक," आत्या मला म्हणाल्या. "माझ्या बी गंजाला हात लावायचा न्हाई आता."

कारागिराचं नाव तिथं कोरलेलं असतं म्हणे. आमच्या तलवारीवर नव्हतं. बुद्धभूषण जरा हिरमुसला, पण आत्यांना आनंदच झाला. "नाव न्हाई? मग आपल्यातलाच असंल कुणीतरी."

मग त्यानं आजीला सगळं समजावून सांगितलं. हिला वाकिझाशी म्हणतात. सामुराई कमरेला दोन तलवारी लावायचे, एक लांब, एक ही. कुणाच्या घरी गेले की लांब तलवार दाराशी काढून ठेवायची. ही मात्र कमरेला तशीच राहायची. रात्री उशाशीही हीच. लढाईत हातघाईवर आलं की हीच, आणि हरल्यावर स्वतःचं पोट फाडायलाही कधी कधी हीच. मी म्हणाले, "हे शेवटचं नवरदेवांना सांगू नको रे बाबा."

"आणि आजी, लांब तलवार फक्त सामुराईंनाच लावता यायची," तो म्हणाला. "व्यापारी, कारागीर असल्या लोकांना मनाई. पण आखूड चालायची. प्रवासात, नाहीतर लग्नात."

आत्या पुढं सरकल्या. "म्हंजी, ज्याला मोठी धरू देत नव्हते, त्यो लग्नात ही धरायचा?"

"हो."

"आन् घरात बी हीच न्यायचे?"

"हो आजी."

आत्यांनी पात्यावरून फडकं फिरवलं. मग म्हणाल्या, "मामंजी तिला घरातली तलवारच म्हनायचे. त्याइला कुणी सांगितलं असंल?" मला त्या क्षणी त्या बाईबद्दल इतकी माया वाटली की चहाचा सगळा राग निवला. निदान त्या दिवसापुरता.

आणि यंदा सुरजनं घोटाळा केला. सुरज म्हणजे आमच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. पाणी प्याला, चहा प्याला, तलवार नेली, आणि हळदीत मित्रांच्या नादानं तिच्याच पात्यानं केक कापला. त्याचं रील केलं, मागं ढिंच्याक गाणं लावलं. केक गुलाबी आणि तलवारीला लोणी फासलेलं. हजारो लोकांनी पाहिलं, त्यात पोलीसही होते.

जमादार दुचाकीवर आले. माणूस चांगला होता, चप्पल काढून आत बसला. फुटपट्टी काढून पातं मोजलं. "आजी, नऊ इंचाच्या वर बिनपरवाना ठेवता येत नाही. हे सोळा आहे. तुम्ही स्वतः आणून जमा केलं तर तुमच्यावर काही येणार नाही. पुढं संग्रहालयात ठेवायचा अर्ज करता येईल."

आत्यांनी त्यांनाही पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी रविंद्र आणि त्या ठाण्यात जाऊन तलवार देऊन आले. जाताना पुसून, तेल लावून, आपल्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून नेली होती. येताना हातात पावती, 'जपानी बनावटीची आखूड तलवार, नग एक.' सुरज दारात येऊन रडला. आत्या त्याला बोलल्या नाहीत. मी मात्र सगळ्यांच्या वाटणीचं बोलून घेतलं.

त्यानंतर आत्यांचं जेवणच कमी झालं. कारण मला ठाऊक होतं आणि त्यांनी ते एकदा बोलूनही दाखवलं. "सपना, तलवार गेली त्याचं काय न्हाई. लोखंडच ते. पण आता आपल्या घरात येऊन पाणी काहून पितील लोक? काम असल्याबिगर कोण येतंय?"

"आता जमाना बदलला आत्या," मी म्हणाले.

"बदलला असंल. तुला वाड्याच्या माजघरात नेऊन बसवलं का कुणी?"

नव्हतं बसवलं. लग्नाच्या मांडवात बोलावतात, जेवू घालतात, पण माजघर मी पाहिलेलं नाही.

आठ दिवसांनी व्यंकटरावांच्या नातवाची, हरीशची हळद होती. तलवार गेल्यानंतरचं गावातलं पहिलंच लग्न. आत्या सकाळीच उठल्या, घर सारवायची सोय नाही म्हणून फरशीच दोनदा पुसली, सतरंजी अंथरली. मी विचारलं, कुणासाठी? "वाळवायची हाय," म्हणाल्या. घरात सतरंजी वाळवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. तांब्याही घासून ठेवला होता.

नऊ वाजले, दहा वाजले. वाड्याकडून बँड वाजायला लागला. नवरदेव यायची वेळ दहाचीच, आजवर कुणी चुकवली नव्हती. आत्या दाराकडं पाठ करून तांदूळ निवडत होत्या. एकही खडा नसलेले तांदूळ त्यांनी तीनदा निवडले. साडेअकराला म्हणाल्या, "उचल सतरंजी."

"राहू द्या."

"उचल म्हणते ना!"

मला इतका राग आला, गावाचा, वाड्याचा, सुरजचा, त्या जमादाराचासुद्धा, की मी सतरंजीवर जाऊनच बसले. "मी उठत नाही. काढा कशी काढायची ती." आत्यांनी सतरंजीचं टोक ओढून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, सासरे गेले तेव्हा.

तेवढ्यात बाहेर चप्पल वाजली.

हरीश एकटाच होता. कपाळापासून पायापर्यंत पिवळा, घाम आणि हळद एक झालेली. हातात घरचाच अडकित्ता, त्याला लिंबू खोचलेलं. मी घाईनं उठले, तो माझ्याच जागी बसला.

आत्यांनी पदरानं डोळे टिपले. "हरीश, बाबा, तलवार न्हाई आता. ठाण्यात जमा केली. तुला कुणी सांगितलं न्हाई का?"

"माहीत हाय आजी."

"मग कशाला आलास?"

तो गडबडला. घरात यावरून बोलाचाली झाल्या असणार, त्याशिवाय दीड तास उशीर झाला नसता. अडकित्ता या हातातून त्या हातात केला. जास्त बोलणारा मुलगाच नाही तो.

"काय न्हाई," तो म्हणाला. "पाणी प्यायला आलो."

पन्नास वर्षं एक थेंब न सांडता तांब्या पुढं करणाऱ्या माझ्या सासूनं निम्मं पाणी सतरंजीवर सांडलं. उरलेलं हरीश प्याला. मग त्यानं तांब्या पुढं केला. "अजून द्या. ऊन लई हाय."

तो गेल्यावर आत्या ओल्या सतरंजीवरच बसल्या आणि पोटभर रडल्या. मी शेजारी बसले. बँड आमच्या गल्लीवरून पुढं गेला. मग आत्या म्हणाल्या, "मामंजी गेले तवर त्याइला वाटायचं, लोक तलवारीसाठी येतेत. आज पाहिजे होते ते."

मला खोटं बोलवेना. "आत्या, आधी तर तलवारीसाठीच यायचे की लोक."

"व्हय," त्या नाक पुसत म्हणाल्या, आणि हसल्या. "तवा तलवारीसाठीच यायचे."