नूपुरचा पासपोर्ट

नूपुरने आखातातल्या एका हॉटेलात नोकरी धरली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मालकाने तिचा पासपोर्ट काढून घेतला. तिने कोलकात्यात सॉल्ट लेकला घरी फोन केला.

"बाबा, हा माणूस पासपोर्ट देत नाही. दूतावासात तक्रार करू?"

तिच्या वडिलांची, शरच्चंद्रांची, हयात केंद्र सरकारच्या नोकरीत गेली होती. नागपूरहून बदली होऊन ते कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. वरच्याशी वाकडं घ्यायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. "परक्या देशात कशाला नसती कटकट? करार संपेपर्यंत दम धर," ते म्हणाले.

नूपुरची आई, अनुराधाबाई, मागून म्हणाल्या होत्या, "अहो, करू दे की तिला." शरच्चंद्रांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

माघात अनुराधाबाईंना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात शुद्धीवर होत्या तोवर त्या नूपुरलाच विचारत राहिल्या. तिकडे नूपुर मालकाच्या हातापाया पडत होती. तो म्हणे, ऐन हंगामात रजा मिळणार नाही. आईला अग्नी दिला तो तिने फोनवर पाहिला.

दिवसकार्य उरकल्यावर शरच्चंद्रांनी दूतावासाला फोन लावला. पलीकडचा अधिकारी शांतपणे म्हणाला, "पासपोर्ट भारत सरकारचा असतो. तो ठेवून घ्यायचा मालकाला हक्कच नाही. मुलगी आधी आमच्याकडे का नाही आली?"



दूतावासाने मालकाला बोलावून घेतलं आणि पासपोर्ट सुटला. नूपुर डमडम विमानतळावर उतरली, तेव्हा ती ओळखू येईना इतकी वाळली होती. टॅक्सीत बसल्यावर शरच्चंद्रांनी तिला सगळं सांगितलं. अधिकारी काय म्हणाला, तेसुद्धा. तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं, असं त्यांना वाटलं.

"मला ठाऊक होतं, बाबा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "म्हणून तर विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात."

"तू माझं ऐकायला नको होतंस गं."

"आई पण हेच म्हणायची. फोनवर, तुम्ही फिरायला गेलात की."

घरी आल्यावर ती आईच्या पलंगावर उताणी पडून राहिली. जेवली नाही. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते.

"तिकडे हॉटेलात गौरी माझ्याच खोलीत राहायची. तिचाही पासपोर्ट तिथेच अडकलाय. वडील वर्ध्याला असतात, ते तिला गप्प बस म्हणतात. माझं ऐकत नाहीत. तुम्ही बोलाल?"

शरच्चंद्रांनी नंबर फिरवला. वर्ध्याच्या गृहस्थांनी "कोण बोलतंय?" म्हणून विचारलं. शरच्चंद्रांनी नाव सांगितलं. नूपुर समोरच उभी होती.

"माझ्या मुलीला तिच्या आईचं तोंड बघता आलं नाही," ते म्हणाले. "मी अडवलं तिला. तुम्ही तसं करू नका."