सीडीच्या माथी खापर

रेकॉर्डिंग कंपनीतले लोक त्यांना कानसेन म्हणत. निम्मे कौतुकाने, निम्मे कंटाळून. कुठलंही रेकॉर्डिंग पुढे ठेवा, त्यांना काहीतरी खुपायचंच. निवृत्तीच्या तोंडावर त्यांच्याकडे काम आलं होतं ते जुन्या मास्टर टेपांवरून सीडीपेक्षा जास्त बारकावे टिपणाऱ्या हाय-रेझोल्यूशन फायली करण्याचं, लोकांनी डाउनलोड करून ऐकण्यासाठी. त्यात त्यांच्या बायकोचा एकुलता एक अल्बम होता.

वीसेक वर्षांपूर्वी तो सीडीवर निघाला तेव्हा कानसेन घरी म्हणाले होते, "तुझा आवाज सीडीने मारला." त्यानंतर ती गायली नाही. बालवाडीत शिकवायची, पण मुलांची गाणीसुद्धा यंत्रावर लावायची. आपण खापर सीडीवर फोडलं, तिच्यावर नाही, एवढंच समाधान कानसेनांनी जपलं होतं. आता सीडीने खाल्लेलं सगळं ते तिला परत देणार होते. दुपारी ऐकायला यायचं तिने कबूल केलं होतं. तेही कितीदा सांगितल्यावर.

सकाळी त्यांनी आणि भाचीने जुनी सीडी आणि नवी फाइल एका बटणाने आलटून पालटून ऐकता येतील अशी जोडली. भाची त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. कानसेनांनी सीडी ऐकली, मग नवी फाइल. त्यांचे डोळे भरून आले.

"बघ. पडदा उठला की नाही?"

भाची आवाजाच्या मीटरकडे बघत होती. "मामा, दोन्हींच्या आवाजाची लेव्हल मिळवली होती का?"

"म्हणजे?"

"नव्या फाइलचा आवाज किंचित मोठा आहे. एवढंसं मोठं असलं की कानाला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. हे तुम्हीच मला शिकवलंत. पहिल्याच दिवशी, वर रागावून."

कानसेन ओशाळले. शिकाऊ पोरांना ज्या चुकीबद्दल ते फाडून खात, तीच त्यांनी केली होती. भाचीने दोन्ही आवाज सारखे केले आणि त्यांना पाठ फिरवून बसायला सांगितलं. ती बटण बदलत राहिली, ते ओळखत राहिले.

"ही हाय-रेझ," कानसेन म्हणाले.

"सीडी."

"मग ही हाय-रेझ."

"हीपण सीडी. मामा, अंदाजाने सांगू नका."

"ऐकूनच सांगतोय गं," ते म्हणाले. त्यांनी हेडफोन बदलले, खुर्ची पुढे घेतली, चहा पिऊन पुन्हा बसले. नाणं उडवून जेवढं जमलं असतं तेवढंच जमलं.

"तुमच्या कानांचं वय झालं असेल," भाची हळूच म्हणाली. "पण मलाही नाही कळत. मामींना काय सांगणार?"

त्यांनी काही ठरवायच्या आधीच बायको दारात उभी राहिली. हाताला रंगीत खडूची भुकटी लागलेली होती. भाचीने तिला खुर्ची दिली. कानसेनांना वाटलं, नव्या फाइलचा आवाज पुन्हा जरा मोठा करावा. तिचा चेहरा खुलेल, आणि कुणाचं काय बिघडेल? हात आवाज वाढवायच्या बटणाकडे गेलाही. भाचीने बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांनी हात मागे घेतला.

तिने दोन्ही ऐकलं.

"दोन्ही सारखंच आहे की हो."

"हो," कानसेन म्हणाले. "सारखंच आहे. सीडीने काही मारलं नव्हतं."

"ते मला तेव्हाच माहीत होतं."

"माहीत होतं?"

"मला वाटलं, बायकोला तोंडावर कसं सांगायचं म्हणून तुम्ही सीडीचं नाव घेताय. आवाजातच दम नाही, हे कळलं मला. मग कशाला गायचं?"

"अगं, मी मनापासून म्हणालो होतो. सीडीबद्दलच."

"मग तुम्हाला खटकलं काय होतं?"

कानसेन आठवू लागले. रेकॉर्डिंग झालं तेव्हा याच खोलीत, मोठ्या स्पीकरवर, भिंती थरथरेपर्यंत आवाज सोडून त्यांनी तिचं गाणं ऐकलं होतं आणि सगळ्यांना हाक मारून ऐकवलं होतं. मग सीडी आली ती घरी, स्वयंपाकघरातल्या छोट्या यंत्रावर. पलीकडे त्यांची आई आजारी होती, नुकताच तिचा डोळा लागला होता. आवाज त्यांनी स्वतःच बारीक केला होता.

"हळू लावली होती," ते म्हणाले. "आई झोपली होती. म्हणून तुझा आवाज मेल्यासारखा वाटला."

भाची तारा गुंडाळू लागली. गुंडाळायच्या तारा तिथे नव्हत्याच, तिने लावलेल्याच सोडवल्या.

"एवढंच?" बायकोने विचारलं.

"एवढंच."

बोटांवरचा खडू तिने पदराला पुसला. कानसेनांना वाटलं, ती रडेल, नाहीतर चार शब्द सुनावेल. दोन्हीची त्यांनी तयारी केली.

"मग चांगला होता का तो? माझा आवाज?"

"चांगला होता."

"ते आता कुठल्या कानाने सांगताय?"

ती भाचीकडे वळली. "त्या तारा परत जोड गं. कुठलीही लाव. आणि आवाज कसा वाढवायचा ते मला दाखव. यांना बाहेर बसू दे."

कानसेन बाहेर बाकावर येऊन बसले. थोड्या वेळाने भाचीही आली आणि तिने मागे जाड दार लावून घेतलं. या दारातून काही ऐकू येत नाही, हे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ते मान वाकडी करून बसून राहिले.