एका तांब्याचा पाऊस

आभाळात बोटभर ढग नव्हता, तरी मठाच्या अंगणात दोन-अडीचशे माणसं पावसाचा जयजयकार करत होती. जो तो आपापला मोबाईल वर धरून शेजाऱ्याला दाखवत होता. पडद्यावर हवामानाचं सरकारी पान होतं, पानावर त्यांच्या महसूल मंडळाचं नाव होतं आणि नावासमोर आकडा होता. आजचा पाऊस, बत्तीस मिलिमीटर. पायाखाली फुफाटा उडत होता, नाकातोंडात जात होता. तो झटकून माणसं पुन्हा आकड्याला हात जोडत होती.

सलग चौथा सोमवार होता. मठाच्या आवारात तारेच्या कुंपणात सरकारने बसवलेलं हवामान यंत्र होतं. वर्षानंद महाराज कुंपणाला पडदे लावून आत मौनपूजेला बसत. ते बाहेर आले की पाव तासात मोबाईलवर पाऊस पडे. अंगावर थेंब नाही, पण यंत्रात पाऊस. आणि यंत्र सरकारचं, म्हणजे शंका घ्यायला जागाच नाही.

"डोळ्याला दिसतो तो भोगाचा पाऊस," महाराज भोंग्यावरून सांगत होते. "यंत्राला दिसतो तो योगाचा पाऊस. पाणी जमिनीवर शोधू नका, भक्तहो. ते सूक्ष्मात मुरलं आहे."

कुंपणाजवळ उभी असलेली जमनाअक्का हे ऐकत होती. तिच्या आंबापाड्यावरचा हातपंप गेल्या पंधरवड्यापासून नुसता खोकत होता. सून सोनल आरोग्य खात्याच्या आशा सेविकेचं काम करून आली की भर उन्हात हंडा घेऊन नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जायची आणि वाटी-वाटीने पाणी भरायची. सातवा महिना होता तिला. परवा चढावर पाय घसरून ती हंड्यासकट बसली होती. पाड्यावर टँकर हवा होता. टँकर येतो तो मंडळ दुष्काळाच्या यादीत बसलं तर, आणि यादी ठरते पावसाच्या आकड्यावर. बारा गावांच्या मंडळाला हे एकच यंत्र. त्यात पाऊस भरला की बाराही गावांत भरला.

अर्ज घेऊन जमनाअक्का मंडळ अधिकारी पितांबरसाहेबांकडे दोनदा जाऊन आली होती. साहेबांनी दोन्ही वेळा मोबाईलच दाखवला. तुमच्या मंडळात पाऊस सरासरीइतका आहे, टँकर कसा देऊ, असं ते म्हणाले. आभाळाकडे एकदा बघा, असं तिने सुचवलं, तेव्हा आभाळ बघणं आपल्या कामात येत नाही, वर आकडा पाठवणं येतं, असं त्यांनी चहा पीत सांगितलं. आकडा त्यांच्या सोयीचा होता. यादी लहान राहिली की वरचे खूश, वरचे खूश की साहेब खूश. तेच साहेब आज पहिल्या रांगेत नारळ घेऊन बसले होते.

जमनाअक्काला पाऊस नवा नव्हता. ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून तिने अठरा वर्षं तो मोजला होता. बेचाळिसाव्या वर्षी ती पाटी घेऊन प्रौढांच्या वर्गात बसली ती केवळ त्यासाठी, कारण रोज सकाळी साडेआठला नळकांड्यातलं पाणी मापाच्या काचेत ओतून आकडा वहीत लिहायचा असे. तिला आधी आकडे आले, मग अक्षरं. गुरुजींनी एक गोष्ट पक्की करून घेतली होती. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचं, रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा म्हणजे बघितलं नाही. शून्य म्हणजे बघितलं, आणि नव्हता.

मग यंत्र आलं. ग्रामपंचायतीच्या जागेचा वाद होता, कुणा पुढाऱ्याने शब्द टाकला आणि ते मठाच्या आवारात बसलं. कुंपणाची किल्ली तलाठ्याकडे हवी होती, ती सोयीसाठी मठातच राहिली. मोजणीची जागा अशी ठरली, हवा-पाणी बघून नाही.

आणि इथेच जमनाअक्काच्या मनात एक काटा होता. यंत्र बसलं त्या दिवशी, आपलं अठरा वर्षांचं काम आता हे करणार म्हणून तिने त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं आणि वरच्या नरसाळ्यात भक्तीने फुलपात्रभर पाणी घातलं होतं. नव्या नांगराला, नव्या मोटरसायकलला घालतात तसं. थोड्या वेळाने महाराजांचा शिष्य भिकन मोबाईलवर पावसाचा आकडा बघून ओरडला होता, "अक्का, तू तं पाऊस पाडा!" सगळे हसले होते. ती पण हसली होती. महाराज मात्र हसले नव्हते. ते यंत्राकडे बघत राहिले होते.

आता आरती संपली. साहेब नारळ फोडायला उठले, तशी जमनाअक्का पुढे झाली. मठात बाईने मध्येच बोलायची रीत नव्हती, त्यात पावरा आदिवासी बाईने तर नाहीच.

"साहेब, हाऊ पाऊस पहिल्यांदा मी पाडेल शे," ती म्हणाली. "मन्हा हातनी चूक शे. ती बठ्ठास्ना समोर मले दखाडू द्या."

तिने सगळ्यांसमोर आपल्या चुकीची, त्या फुलपात्राची गोष्ट सांगितली. एक शब्द गाळला नाही, स्वतःला सोडलं नाही. गर्दीत कुजबुज झाली. भिकन मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. मग तिने सोबत आलेल्या सोनलला मोबाईल वाचायला सांगितला. पण पावसाचा आकडा नको, त्याच्या खालचे वाच, म्हणाली. सोनलने मोठ्याने वाचलं. बत्तीस मिलिमीटर पाऊस पडला त्याच दहा मिनिटांत त्याच यंत्राने हवेतला ओलावा अठ्ठावीस टक्के आणि तापमान छत्तीस अंश नोंदवलं होतं. पाऊस येताना हवा थंडावते, ओलसर होते, हे तिथे शेरडं राखणाऱ्यालाही ठाऊक होतं. सोनल पुढे वाचत गेली. मागचा सोमवार, बत्तीस. त्याच्या आधीचा, चौसष्ट. त्याच्या आधीचा, पुन्हा बत्तीस.

"आभाळ कधी असं मापून देत नाही," सोनल म्हणाली. "तांब्या देतो."

महाराजांनी डोळे मिटून घेतले आणि यंत्र अपवित्र होईल, म्हणून कुणीही आत जाऊ नये, असं भोंग्यावरून बजावलं. जमनाअक्काने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. सरकारी कुलूप सरकारने उघडावं, एवढंच ती पितांबरसाहेबांना म्हणाली. अडीचशे माणसं साहेबांकडे बघत होती. त्यांनी नारळ खाली ठेवला, किल्ली मागितली, पडदे सारले. आत यंत्राच्या पायाशी महाराजांचा लिटरभर पाण्याचा तांब्या होता, अजून ओला.

तिने तो हापशावर भरून आणायला लावला. मठाचा हापसा चालू होता, हेही त्या निमित्ताने पाड्यावरच्यांना कळलं. मग तिने बारीक धार धरून सगळं पाणी नरसाळ्यात सोडलं. आतून टकटक आवाज येऊ लागला. आत छोटी डोलती वाटी असते, ती म्हणाली. भरली की कलंडते आणि एक खूण पाठवते. पाणी कुठून आलं, हे वाटीला कळत नाही. ते माणसाने बघायचं असतं.

दहा मिनिटं गेली. मोबाईलवर बत्तीसचे चौसष्ट झाले.

महाराज एका झटक्यात उठले. "पाहा, देवाने या अडाणी बाईच्या हातूनही वृष्टी घडवली," ते हात पसरून म्हणाले.

मागून पाड्यावरचे म्हातारे अमरसिंग आपल्या कोरड्या शेताकडे हात करून बोलले. "मंग महाराज, तोच तांब्या मन्हा वावरमा वता ना."

पहिल्यांदा एक बाई हसली, मग अंगण हसलं. त्या हसण्यात भोंगा कधी बंद झाला ते कळलं नाही. पण जमनाअक्काला हसू आलं नाही. तिला किळस आली होती. तांब्याची नाही, तांब्या तर भोळा होता. फसवणाऱ्याने फसवलं, ते त्याचं दुकान. पण जिचा घसा कोरडा, तीच मोबाईलला हात जोडते, आणि ज्याच्या हातात सही तो कोरडी नदी ओलांडून नारळ फोडायला येतो, याची.

पितांबरसाहेब पंचनाम्याचा कागद शोधत होते. चारही सोमवारांची नोंद रद्द करून फेरतपासणी मागवतो, असं ते पुटपुटले. टँकर कधी, हे त्यांनी सांगितलं नाही. ती समोरून हलली नाही. शेवटी कागदावर आंबापाड्याचं नाव आणि टँकरची शिफारस लिहून झाली, ती तिने अक्षर न् अक्षर वाचली, तेव्हा कुठे साहेबांना वाट मिळाली.

मग तिने पदराने यंत्रावरचं कुंकू पुसलं आणि जमलेल्यांना शांतपणे सांगितलं. याला नमस्कार करू नका, मीही आता करणार नाही. याचा आकडा वाचा आणि मान वर करून आभाळाशी ताडून बघा. जुळला नाही तर विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. कुणी सरकारचं नाव सांगेल, कुणी देवाचं. दोघांनाही तोच प्रश्न विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तिने पेटीतून जुनी वही काढली, कोरड्या आभाळाकडे पाहिलं आणि तारखेसमोर ठसठशीत शून्य लिहिलं.