गेंगाणे रेडिओ

आज आमचे तीन कारखाने आहेत. आम्ही टेपरेकॉर्डर जोडतो, टेलिफोन जोडतो, आणि त्यांतल्या एकावरही आमचं नाव नसतं. नवीन आलेल्या मुली विचारतात, मावशी, सुरुवात कशी झाली हो? शेठ हसून माझ्याकडे बोट दाखवतात. म्हणून मीच सांगते.

यू थिअमतेंग शेठ सानचोंगला, राजधानीसमोर नदीच्या अलीकडे, राहत्या घरात रेडिओची बटणं ओतायचे. एका जपानी कंपनीला ती बटणं आवडली आणि तिने अख्खे दोन हजार रेडिओ जोडून मागितले. सुटे भाग त्यांचे, नकाशा त्यांचा, नाव त्यांचं; हात आमचे. शेठाणीबाईंनी बैठकीतला पलंग हलवला, पाच टेबलं ओळीने लावली आणि दारावर कागद चिकटवला : मुली पाहिजेत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, दक्षिणेकडच्या युनलिनच्या उसाच्या शेतांतून नुकतीच आलेली. शेवटच्या टेबलावर माझी जागा होती. रेडिओ हातात आला की बॅटरी घालायची, स्टेशन लावायचं, ऐकायचं आणि खोक्यात ठेवायचा. दिवसभर फुकट रेडिओ ऐकायचा आणि वर पगार! मला वाटायचं, हे स्वप्न कधी मोडणार?

दुपारी साडेबाराला संगीत नाटक लागायचं. सगळ्या मुली त्यासाठी जीव टाकायच्या. एके दिवशी नायिका नवऱ्याच्या विरहात रडत गात होती, आणि ती चढ्या सुरात गेली की माझ्या हातातला रेडिओ गुंगुं करायला लागायचा. दुसरा घेतला. तोही तसाच. तिसराही.

"शेठ," मी म्हटलं, "ही बाई नाकातून रडतेय."

"सर्दी झाली असेल तिला."

"सगळ्याच रेडिओंमध्ये?"

शेठनी कान लावला. चेहरा पडला, पण कबूल करतील तर ते शेठ कसले! "हे बघ आ-लान, आपण शिंपी आहोत. गिऱ्हाइकाने तीन बाह्या सांगितल्या, तर तीन शिवायच्या. चौथ्या टेबलाला विचार, स्क्रू नीट आवळलेत का."

स्क्रू नीटच होते. मी एक रेडिओ उघडला. आतला आवाजाचा कर्णा नकाशाप्रमाणे दोनच स्क्रूंवर होता. तिसरा कोपरा मोकळा. मोठा सूर आला की तो कोपरा डब्यावर थरथरायचा. मी माझ्या सपातेच्या तळव्यातला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक तुकडा कापून तिथे दाबला. बाई मोकळ्या गळ्याने रडायला लागली.

पुढच्या आठवड्यात ओकुबो साहेब माल तपासायला आले. जपानी कंपनीचे माणूस, उंच, सडपातळ, उन्हाळ्यातही गळ्यात टाय. त्यांच्याकडे एक पेटी होती, तिच्यातून एकाच मंद सुराची शिट्टी निघायची. ती रेडिओतून साफ ऐकू आली की शिक्का. सकाळभर शिक्के पडत होते. शेठ जपानी राजवटीत शाळेत शिकलेली जपानी बोलत त्यांच्यामागे चहा घेऊन फिरत होते.

मला राहवेना. "शेठ, त्यांना सांगा ना."

"गप्प बस, पोरी. शिक्के पडतायत."

शेठाणीबाई दारातून ऐकत होत्या. "उद्या दुकानातून दोन हजार गेंगाणे रेडिओ परत आले की लोक कोणाला हसतील?" त्या म्हणाल्या. "त्यांच्या शिट्टीला? का तुमच्या हाताला?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी आम्हाला हाक मारली, "मुलींनो, बॅटऱ्या घाला!"

साडेबारा वाजता टेबलांवर एकशे वीस रेडिओ लागले. त्या दिवशी सासू मेली होती, त्यामुळे नाटकात सगळेच रडत होते. एकशे वीस डबे एकदम गुंगुं करायला लागले, जणू घरात मधमाश्यांचं मोहोळ उठलं. शेजारची म्हातारी केरसुणी घेऊन धावत आली.

ओकुबो साहेबांच्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

मी पुढे होऊन माझा सपातवाला रेडिओ साहेबांच्या कानाशी धरला. त्यांनी तो ऐकला, उघडला, नमदा बोटाने दाबून पाहिला. "हे कोणाचं?"

शेठनी घसा खाकरला. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. "आमच्या तपासनीस बाईंचं," ते म्हणाले. मी तपासनीस बाई आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.

साहेब जपानीत बरंच बोलले. शेठनी सांगितलं ते एवढंच : नकाशा चुकलाय, पण तो बदलायचा अधिकार त्यांना नाही, तार करावी लागेल.

उत्तर यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत शेठ जेवले नाहीत, आणि शेठाणीबाई दोघांचं जेवल्या. "तार काही उपाशी माणसाला लवकर येत नाही," त्या म्हणायच्या. पाचव्या दिवशी परवानगी आली. आम्ही बाजारातून नमद्याचे तागे आणले, शेठ स्वतः कात्री घेऊन बसले, आणि दोन हजार रेडिओ पुन्हा उघडले. माझी बोटं सोलली, पण एवढं हसणं त्या घरात पुन्हा कधी झालं नाही. ओकुबो साहेबसुद्धा टाय खांद्यावर टाकून कर्णे बसवत होते आणि नाटकाची गोष्ट शेठना विचारत होते. "मग नवरा परत आला का?" शेठ म्हणायचे, "कुठला येतोय! आलाच तर नाटक संपेल."

वर्षअखेरीला त्याच कंपनीचा नवा रेडिओ करायचा ठरला. या वेळी नकाशा आधी आमच्याकडे आला, त्यावर चिठ्ठी लावून : तपासनीस बाईंनी ऐकून मगच कळवावं. मागणी वीस हजारांची होती. शेठनी शेजारचं भाताचं गोदाम भाड्याने घेतलं आणि मला म्हणाले, "तुझ्या गावात आणखी कान आहेत का?"

मी घरी पत्र टाकलं. नवं वर्ष उलटल्यावर आठ मुली युनलिनच्या बसने आल्या. मी थांब्यावर घ्यायला गेले. सगळ्यांत शेवटी माझी चुलतबहीण उतरली, काखेत जिवंत बदक धरून. "आईने शेठसाठी दिलंय," ती म्हणाली. बदक वाटभर ओरडत होतं, आणि आम्ही नऊ जणी हसत हसत गोदामाकडे चाललो होतो.