उद्याची तारीख

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. पाठीला पुठ्ठा, कडेला लाल नाडी आणि पोटात एका दाव्याचे कागद. बुधवार पेठेतल्या एका दुकानात मी तयार झाले. एकाहत्तर साली शरच्चंद्र वकिलांनी मला शनिवार पेठेतल्या आपल्या घरी आणलं. बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे ते माझे कागद सारखे करून नाडी बांधत.

दावा होता हुस्नबानूंच्या दुकानाचा. कसबा पेठेत त्या गाद्या भरून देत. नवरा गेल्यावर त्याच दुकानावर घर चालायचं, आणि मालकाला तर ती जागा रिकामी हवी होती. दर तारखेच्या आठ दिवस आधी वकीलसाहेब त्यांना पोस्टकार्ड टाकायचे. कार्ड मिळालं की हुस्नबानू कोर्टात हजर! तारीख लक्षात ठेवायची त्यांना कधी गरजच पडली नाही.

तीन वर्षांनी साहेब अचानक गेले. माझं कपाट बंद झालं. कागद वाचतानाचं त्यांचं गुणगुणणं मला अंधारात फार आठवायचं.

नवव्या दिवशी हुस्नबानू भेटायला आल्या. दाराशी बसून रडल्या. दाव्याचं अवाक्षर काढलं नाही. शेवटी साहेबांच्या पत्नीनं, सरोजिनीबाईंनीच विचारलं, "तुमची तारीख कधी आहे हो?"

"कार्ड नाही आलं, बाई. म्हणजे नसेलच. साहेबच गेले, आता दावा कसला चालतोय?"

"कार्ड टाकणारे गेले. कोर्ट आहे तिथंच आहे."

बाई उठल्या, त्यांनी कपाट उघडलं. त्यांची नणंद उल्का दचकली. "अहो वहिनी, सुतकात त्यांच्या कागदांना हात लावताय?"

"सुतक मला आहे, वन्सं. कोर्टाला नाही."

माझ्यावरची शेवटची तारीख वाचून बाईंचा चेहरा उतरला. "अहो, उद्याचीच आहे! कोणी उभं राहिलं नाही, तर एकतर्फी निकाल लागेल. दुकान जाईल तुमचं." त्यांनी मला हुस्नबानूंच्या हातात दिलं. "अशाच अनंत वकिलांकडे जा. नवं वकीलपत्र करा. यांचं आता..." कपाटाचं दार लावत त्या म्हणाल्या, "यांचं आता चालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पुकारा झाला, तेव्हा अनंत वकील नवं वकीलपत्र घेऊन उभे होते. न्यायाधीशांनी महिन्याची मुदत दिली. पुढं दोन वर्षं दावा चालला आणि दुकान हुस्नबानूंकडेच राहिलं. सगळ्यांनी अनंत वकिलांचं कौतुक केलं. मला मात्र दुकानातल्या फळीवर ठेवलं, आणि हळूहळू सगळे विसरले. आता कसरीनं माझे कोपरे खाल्लेत.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आपल्या माणसावर खुशाल विसंबा, पण आपली तारीख आपणही लिहून ठेवा. आणि तुमच्या घरी दुःख असेल, तेव्हा दाराशी कोणी गप्प बसलेलं दिसलं, तर त्याचे कागद आपल्या कपाटात नाहीत ना, तेवढं बघा.