आधी समोरच्याचं म्हणणं

माझ्या बायकोनं, नेडीननं, एकदा मनावर घेतलं की ती मागं हटत नाही. ऑड्राला, आमच्या मुलीला, सरकारी शाळेतून काढून चर्चच्या तळघरातल्या त्या शाळेत घालायचं तिनं ठरवून टाकलं होतं. माझी फक्त सही उरली होती, आणि ती मी करत नव्हतो.

"तिथं लॅटिन शिकवतात," मी म्हणालो. "इथं कॅन्ससात लॅटिन बोलणार कुणाशी ती? गाईंशी?"

"आत्ताच्या शाळेत ती कुणाशीच बोलत नाही," नेडीन म्हणाली. "त्यापेक्षा गाई बऱ्या."

हे खरं होतं. अकरा वर्षांची पोर वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती. शेवटी 'एकदा बघून तरी ये' यावर तडजोड झाली, आणि शुक्रवारी कामाला दांडी मारून मी दोघींबरोबर गेलो. नाक मुरडायची सगळी तयारी करूनच गेलो होतो.

सकाळी पोरं उभी राहिली आणि पियानोशिवाय, चार वेगवेगळ्या सुरांत स्तोत्र गायला लागली. दात पडलेली पहिलीतली चिल्लीपिल्लीसुद्धा आपापला सूर धरून होती. आमच्या चर्चमध्ये रविवारी मोठी माणसं पुस्तकात डोकं खुपसून पुटपुटतात. मला भरून आलं, आणि भरून आल्याचा रागही आला.

मग आठवीचा तर्कशास्त्राचा तास होता. मिसेस क्विरिंग या साठीच्या बाई तो घेत होत्या. आम्ही मागच्या बाकांवर बसलो.

"मिस्टर टिबिट्स, शाळेबद्दल काही आक्षेप असेल तर मुलांना सांगा," बाई म्हणाल्या. "नियम एकच. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. तो 'हो, हेच' म्हणाला तरच उत्तर द्यायचं."

मला हवंच होतं ते. "मी दहावीपर्यंत शिकलो," मी म्हणालो. "घरोघरचे हीटर दुरुस्त करतो. लॅटिन येत नाही म्हणून भर थंडीत कुणी मला दारातून परत पाठवलेलं नाही."

केटुरा नावाची एक उंच मुलगी उठली. "ज्याचा कामात उपयोग नाही ते शिकण्यात वेळ घालवू नये, असं तुमचं म्हणणं आहे."

"तेवढंच नाही."

"मग, हातानं काम करणाऱ्याला इथली मुलं कमी लेखतील, असं?"

"जवळ आलीस. पण नाही."

ती चिडली नाही. हसलंही कुणी नाही. ती पुन्हा विचार करायला लागली. मी आयुष्यात वाद पुष्कळ घातले, पण माझं म्हणणं समजून घ्यायला कुणी इतकी धडपड केल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारून ऑड्राचा हात वर गेला. नेडीननं माझा दंड घट्ट धरला.

"बाबांना भीती वाटते," ऑड्रा उभी राहून म्हणाली, "की मी खूप शिकेन, आणि मग त्यांच्याशी बोलायला माझ्याकडे काही उरणार नाही."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हणालो. "हेच."

"आता उत्तर दे," बाई ऑड्राला म्हणाल्या.

"पण आत्ता तरी आपण कुठं बोलतो, बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही घरी येता, जेवता, मॅच लावता. मी शाळेत गप्प असते हेसुद्धा तुम्हाला आईकडून कळलं."

बाई मदतीला येतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. "नियम पाहुण्यांनाही आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

मी उभा राहिलो. "तुझं म्हणणं, मी घरी वेळ देत नाही."

"नाही."

"मॅच बंद करावी?"

"नाही, बाबा."

"तुझं म्हणणं असं, की तू लांब जाशील म्हणून मी घाबरतोय, आणि आधी लांब गेलोय तो मीच."

तिचे डोळे भरून आले. "हो, हेच."

नियमाप्रमाणे आता उत्तर मी द्यायचं होतं. माझ्याकडे ते नव्हतं, आणि तसं मी सगळ्यांसमोर सांगितलं. मग अर्ज मागून घेतला, 'वडिलांचं शिक्षण' या रकान्यात 'दहावी' लिहिलं आणि खाली सही केली.