फळ्यावर काय लिहिलं आहे

जळगावात एखाद्या कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधीच लिहून होते, हे वर्तमानपत्रात नोकरीला लागेपर्यंत शालिग्रामला माहीत नव्हतं. बाहेरगावी जाणारा अंक संध्याकाळच्या एस.टी.ने रावेर, यावल, चोपड्याला निघायचा. तो दुपारीच छापावा लागे. त्यामुळे दुपारच्या सभेतलं भाषण, त्यातल्या टाळ्या, अध्यक्षीय समारोप आणि आभार, सगळं आदल्या संध्याकाळी छपाईच्या खिळ्यांत जुळून तयार असायचं. कॉलेजात प्रयोगाआधी रीडिंग लिहिणाऱ्याला सर प्रयोगशाळेबाहेर काढत. इथे त्याला अनुभवी म्हणत.

आता तो उद्याच्या मोर्चाची बातमी लिहीत होता. १९८८ सालचा पावसाळा सरत आला होता. दिल्लीत सरकारने बदनामी विधेयक लोकसभेत मंजूर करून घेतलं होतं. छापलेला आरोप खरा असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी त्यात छापणाऱ्याच्याच गळ्यात मारली होती. देशभरातले पत्रकार रस्त्यावर उतरले होते आणि उद्या जळगावचे उतरणार होते. शालिग्रामला ते मनापासून पटलेलं होतं. म्हणूनच तर त्याने लिहिलं, ‘मोर्चास सर्वसामान्य नागरिकांनी, विशेषतः महिलांनी, उत्स्फूर्त पाठिंबा दिला.’ उत्स्फूर्त हा शब्द आदल्या दिवशी लिहिताना त्याचं पेन जरा अडलं. पण वाक्य त्याने तसंच ठेवलं.

पेन अडण्याचं खरं कारण संपादकांच्या टेबलाच्या खणात होतं.

त्याच आठवड्यात सुंदरबाई नावाची एक बाई तांब्याभर पाणी घेऊन कार्यालयात आली होती. मूळची पारोळ्याकडची, डाळ मिलमध्ये निवडायला जाणारी. मेहरूण तलावाच्या मागे एक वस्ती आहे आणि वस्तीला एकच विहीर. तिच्या पाण्याला वास येतो, भाताला रॉकेलची चव लागते, पोरं ओकतात, असं तिचं म्हणणं. नगरपालिकेत ती जाऊन आली होती. पेपरात आल्याशिवाय साहेब हलत नाहीत, असं तिथल्या कारकुनाने तिला प्रामाणिकपणे सांगून टाकलं. म्हणून ती पेपरात आली.

शालिग्राम रसायनशास्त्राचा बी.एस्सी. तांब्यावर नाक नेताच त्याला प्रयोगशाळेतलं कपाट आठवलं. तो सायकल काढून तिच्याबरोबर वस्तीत गेला. विहिरीतून बादली ओढली, तर पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग. वरचं थोडं पाणी त्याने डब्याच्या झाकणात घेतलं, लांब मोकळ्या जागेत नेलं आणि काडी लावली. भक्कन जाळ झाला, तवंग जळून गेला, खाली पाणी तसंच राहिलं. विहिरीपलीकडे एका पेंडीच्या कारखान्याची भिंत होती. पेंडीत उरलेलं तेल काढायला असे कारखाने हेक्झेन वापरतात. ते पेट्रोलसारखंच पेटतं. भिंतीच्या बुडाशी जमीन ओली होती आणि तिलाही तोच वास होता.

वस्तीतल्या बाया पहाटे रॉकेलची चिमणी घेऊन पाणी भरायला येत. पुरुष विहिरीच्या काठावर विडी ओढत बसत. शालिग्रामने त्यांना हात जोडून सांगितलं. ते हसले. इतकी वर्षं बसतो, म्हणाले, पाणी कधी पेटतं का?

त्याने बातमी लिहिली ती प्रयोगाची वही लिहावी तशी. पाहिलं तेवढंच लिहिलं. गळती कारखान्यातूनच आहे असं म्हटलं नाही, तपासावं असं म्हटलं. वर चौकटीत, विहिरीजवळ विस्तव नेऊ नका.

संपादक जीवराम आबा यांनी ती दोनदा वाचली. आबा आणीबाणीत तुरुंगात राहून आलेले. त्यांच्या नावामुळेच शालिग्राम बँकेची परीक्षा सोडून इथे चिकटला होता. बातमी उत्तम आहे, आबा म्हणाले, आणि कागद खणात ठेवला.

“मोर्चा होऊन जाऊ दे, मग बघू.”

“आबा, तिथे बाया चिमणी घेऊन जातात.”

“कळतं मला. पण ते दिल्लीवाले काय म्हणताहेत? पेपरवाले वाटेल त्याच्यावर वाटेल ते छापतात. मोर्चाच्या तोंडावर आपणच एका कारखानदारावर छापलं, तर बघा म्हणतील, कायदा हवाच. लढाई मोठी आहे रे. तिला धक्का नको लागायला.”

छापायचं स्वातंत्र्य टिकावं म्हणून छापायचं नाही, हा हिशोब शालिग्रामने उलटसुलट करून पाहिला. उत्तर एकच येत होतं आणि ते किळसवाणं होतं. जाहिराती आणणारा भाईदास शेजारी कचोरी खात बसला होता. “अरे हेक्झेन, चहा घे,” तो म्हणाला. “बातमी म्हणजे काय परीक्षानळी आहे का, हलवली की रंग बदलला?” सगळे हसले. आबाही गालात हसले.

मोर्चाच्या बातमीचं प्रूफ आलं तेव्हा तिच्याखाली पाव पान जाहिरात लागलेली होती. ‘वृत्तपत्र स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या पत्रकार बंधूंचे हार्दिक अभिनंदन.’ खाली नाव त्याच पेंडीच्या कारखान्याचं. शालिग्रामने ते प्रूफ तपासलं. चूक एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाजाराच्या चौकात गेला. तिथे नेमीचंद काकांच्या किराणा दुकानाच्या भिंतीला काळा फळा होता. चौकातली माणसं त्यावर ठळक बातम्या, मयताची वेळ, रक्त हवं असल्याचं निवेदन लिहीत. खडू काकांच्या गल्ल्यात असायचा. काकांनी मजकूर विचारला, ऐकला आणि बराच वेळ तराजूची पारडी पुसत राहिले.

“त्या कारखान्यातून पेंड येते माझ्याकडे,” ते म्हणाले.

“मग राहू दे काका.”

“राहू दे कशाला? पेंड म्हशी खातात. पाणी माणसं पितात.” त्यांनी खडू पुढे केला. “अक्षर मोठं काढ. आमच्या गिऱ्हाइकाला लांबचं दिसत नाही.”

शालिग्रामने मोठ्या अक्षरांत लिहिलं. मेहरूणच्या मागच्या वस्तीतल्या विहिरीत पेटणारा द्रव मिसळला आहे. पाणी पिऊ नका. विहिरीजवळ विडी, काडी, चिमणी नेऊ नका. नगरपालिकेने आजच पाहणी करावी. खाली स्वतःचं नाव लिहिलं. माणसं थांबून वाचू लागली. नगरपालिकेचा एक शिपाईही वाचून लगबगीने गेला. खणात अडलेलं काम फळा करून टाकणार, असं शालिग्रामला वाटलं आणि तो हलक्या पावलांनी मोर्चात सामील झाला.

मोर्चा शिस्तीत निघाला. दंडाला काळ्या फिती, तोंडावर पट्ट्या, पुढे आबा. कलेक्टरांना निवेदन देऊन झालं, पट्ट्या सुटल्या, आणि समारोपाला सगळे बाजाराच्या चौकात आले. फोटोग्राफर म्हणाला, मागे काहीतरी पाहिजे, नुसत्या किराण्याच्या गोण्या येतात. भाईदासने चौकभर नजर फिरवली. मग काकांच्या पाण्याच्या माठातून फडकं ओलं केलं आणि शालिग्राम गर्दीतून पुढे घुसेपर्यंत फळा अर्धा पुसला होता.

“भाईदास, ते कशाला पुसलंस?”

“फोटोपुरतं रे.” त्याने उरलेलं पुसलं आणि वळणदार अक्षरांत लिहिलं, ‘लेखणीची गळचेपी सहन करणार नाही.’ त्याचं अक्षर खरंच सुरेख होतं.

शालिग्रामने आबांकडे पाहिलं. त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. “पाच मिनिटांचा प्रश्न आहे,” ते हळूच म्हणाले. “फोटो झाला की पुन्हा लिही. कोण अडवतंय तुला?”

तेवढ्यात गर्दीच्या कडेने सुंदरबाई आली. वस्तीतल्या कोणीतरी तिला मिलमध्ये निरोप दिला होता की चौकात विहिरीचं लिहिलंय, सगळा गाव वाचतोय. अर्ध्या दिवसाचा रोज सोडून ती आली होती. लुगड्यावर तुरीचा कोंडा तसाच होता. तिला अक्षर येत नव्हतं. तिने फळ्यावरची मोठी अक्षरं पाहिली, फळ्याखाली उभी असलेली काळ्या फितींची शिकलेली माणसं पाहिली, आणि तिचा चेहरा उजळला.

“बठ्ठास्नी आमनी विहीरसाठी मोर्चा काढा का, भाऊ?” तिने शालिग्रामला विचारलं. एवढी सगळी माणसं आपल्या विहिरीसाठीच निघाली, असं तिला वाटलं होतं. उत्तराची वाट न बघता ती आबांसमोर गेली, वाकली आणि पायांना हात लावला.

आबांनी तिला अडवलं नाही. किंचित मागे सरले, डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. फोटोग्राफरने तेवढंच टिपलं. छान आला, म्हणाला, सामान्य महिलेचा पाठिंबा. हे वाक्य शालिग्रामनेच आदल्या दिवशी लिहिलं होतं. ते आता रावेरच्या गठ्ठ्यात बांधून झालं असेल.

“अक्का, उठा,” तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “हे तुमच्या विहिरीचं नाही. तुमचं यांनी पुसलं. हे यांचं स्वतःचं आहे.”

सुंदरबाई उठली. आबांच्या पायांना लागलेला हात तिने लुगड्याला पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी.

“शालिग्राम,” आबा म्हणाले, “एवढ्या लोकांत आपल्याच मोर्चाची शोभा करतोस. संध्याकाळी कार्यालयात ये, नाहीतर येऊच नको.”

तो काही बोलायच्या आत सुंदरबाईने पदराचं टोक माठात बुडवलं आणि फळा पुसायला घेतला. भाईदास अडवायला पुढे झाला. गल्ल्यावरून नेमीचंद काका म्हणाले, “फळा माझ्या भिंतीवर आहे, भाऊ.” भाईदास थांबला. काकांनी नवा खडू दिला. शालिग्रामने सकाळचाच मजकूर पुन्हा लिहिला, शब्दाला शब्द.

लिहून झाल्यावर त्याने तो तिला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं, पण मान डोलावली नाही. आताच एकदा ती फसली होती. त्यामुळे तिने रस्त्याने जाणाऱ्या एका सायकलवाल्याला थांबवलं. “भाऊ, आठे काय लिखेल शे?” त्याने पाय टेकवून मोठ्याने वाचलं. तिने ते शालिग्रामच्या वाचनाशी मनात जुळवून पाहिलं. मग शाळेतून येणाऱ्या दोन मुलींना विचारलं. मग पानवाल्याला, मग एका वकिलाला. प्रत्येकाला वेगळं उभं करून, मोठ्याने वाचायला लावून. एकाचं ऐकून तिचं समाधान होत नव्हतं. शालिग्राम बाजूला उभा राहून ऐकत होता. मजकूर तोच, आवाज दर वेळी नवा, आणि ऐकणाऱ्यांचं कोंडाळं वाढत चाललेलं. एक माणूस ऐकता ऐकता विडी विझवून वस्तीच्या दिशेने पळतच गेला. त्याची बायको तिथली होती.

पत्रकार मंडळी चहा घेऊन हॉटेलातून बाहेर पडली, तेव्हा वाट फळ्यासमोरूनच होती. सुंदरबाईने आबांना ओळखलं. ती त्यांच्या आडवी आली.

“आबा, तुम्ही वाचा ना. आठे काय लिखेल शे?”

कोंडाळ्याने आबांना जागा करून दिली. आबांनी फळ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, सदऱ्याचा खिसा चाचपला.

“चष्मा राहिला, बाई, कार्यालयात.”

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. कोणी हसलं नाही. सुंदरबाई त्यांच्या बाजूने पुढे झाली आणि त्यांच्या मागून येणाऱ्या माणसाला तिने थांबवलं.